सातवा रकाना

आमच्या कचेरीत शौर्यपदकांच्या शिफारशींसाठी एक सायक्लोस्टाइल केलेला तक्ता वापरीत असत, आणि त्या तक्त्याच्या सातव्या रकान्यात ‘वाचविलेल्या व्यक्तींची संख्या’ एवढाच मजकूर असे. पुण्याच्या परिसरातील एका लष्करी कचेरीत मी १९४२ साली उमेदवार कारकून म्हणून रुजू झालो आणि हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. एवढ्या अवधीत बढत्या, बदल्या, रजा, दंड, पेन्शनी, वारसांचे अर्ज आणि हरवलेल्या कांबळ्यांचे खुलासे यांचे जे डोंगर माझ्या मेजावरून सरकत गेले, त्यांतले बहुतेक आज मला आठवत नाहीत. परंतु पानशेत धरण फुटल्यानंतरच्या तिसऱ्या वर्षी, आषाढातल्या एका दुपारी, त्या सातव्या रकान्यासमोर टाक उचलून मी अर्धा दिवस बसून राहिलो, आणि टाकाच्या निबावरची शाई तीनदा वाळली, ते मात्र काल घडल्यासारखे आठवते.

हकीकत अशी की आमच्या तुकडीतला नाईक हुद्द्याचा एक सॅपर, म्हणजे लष्करी इंजिनियर दलाचा जवान, खडकीस तयार झालेला, अंगाने उंचापुरा पण बोलण्यात अगदी मितभाषी, मे महिन्यात सालाना रजेवर कोल्हापूर जिल्ह्यातील आपल्या गावी गेला होता. गाव कुंभी नदीच्या काठचे. त्या मुलखातील नद्यांवर जे बंधारे आहेत त्यांना साऱ्या महाराष्ट्रात ‘कोल्हापुरी बंधारा’ म्हणूनच ओळखतात. नदीच्या पात्रात ओळीने दगडी खांब उभे करावयाचे, खांबांना खाचा ठेवावयाच्या, पावसाळा ओसरला की त्या खाचांतून लाकडी फळ्या एकीवर एक अशा दोन ओळींत बसवून मधल्या पोकळीत माती ठासावयाची आणि नदी अडवावयाची. पुढे मृग जवळ आला की त्या फळ्या काढून नदीला वाट मोकळी करून द्यावयाची. या फळ्यांना तिकडे बरगे म्हणतात. बरगे घालणे हे उन्हापावसाच्या हिशेबाने सावकाश होणारे काम आहे. काढणे मात्र घाईचे, कारण पावसाने एक दिवस लवकर गाठले तर फुगलेल्या लाकडाला पाण्याचा रेटा बसून बरगे खाचेत असे घट्ट होतात की चार माणसांनी आकडे लावून ओढले तरी ते हलत नाहीत.

त्या वर्षी पावसाने दोन दिवस लवकर गाठले. रोहिणी नक्षत्र अजून सरावयाचे होते, गावात पेरणीपूर्वीच्या मशागती चालल्या होत्या, आणि रात्री गगनबावड्याच्या बाजूला पाऊस असा कोसळला की गावात एक थेंब नसताना पहाटे नदी गढूळ होऊन बंधाऱ्याच्या माथ्यावरून वाहू लागली. निम्म्या गाळ्यांतले बरगे निघाले होते, निम्म्यांतले अडकून होते. ते काढण्यासाठी जी माणसे खांबांवर उतरली त्यांतला एक चोवीस-पंचवीस वर्षांचा तरुण, एका विधवेचा एकुलता मुलगा, आकडा निसटताच तोल जाऊन बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला पडला.

ज्यांनी पाण्याचे शिक्षण घेतलेले नाही त्यांना बंधाऱ्याच्या खालचे पाणी वरच्या पाण्याहून निरुपद्रवी वाटते. त्यावर फेस असतो, मोठी लाट नसते, आणि काठावरून पाहणाऱ्यास ते जागच्या जागी घुटमळत असल्यासारखे भासते. ते घुटमळणे हाच त्याचा घात आहे. माथ्यावरून पडणारी धार तळापर्यंत जाते, थोड्या अंतरावर वर उसळते, आणि वर आलेले पाणी पुढे न जाता पुन्हा बंधाऱ्याच्या पायथ्याकडे मागे फिरते; त्यात सापडलेले लाकूड असो की माणूस असो, वर येते, मागे ओढले जाते, धारेखाली दाबले जाते आणि पुन्हा वर येते, आणि हे चक्र कोणी तोडल्यावाचून सुटत नाही. फेसात हवा मिसळलेली असल्याने ते पाणी अंगाला नेहमीसारखे तोलूनही धरीत नाही. सॅपर जवानांना पूल बांधण्याच्या आणि होड्या वल्हविण्याच्या शिक्षणात एक घनफूट पाण्याचे वजन सुमारे साडेबासष्ट पौंड असते आणि प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, हे पाठ करून घेतात. बुडणाऱ्याला आधी काठी द्यावी, काठी पोचत नसेल तर दोर टाकावा, दोर पोचत नसेल तर नाव न्यावी, आणि यांपैकी काहीच साधत नसेल तरच अंगाने पाण्यात शिरावे, हा क्रमही त्यांना घोकावा लागतो. मी हे सांगतो याचे कारण असे की नाईकाने जे केले ते अजाणतेपणाच्या उमाळ्याने केले असे पुढे एका वरिष्ठ कचेरीने सुचविले, आणि मला त्या सूचनेचा जितका संताप आला तितका तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत दुसऱ्या कशाचाही आला नाही.

नाईक त्या वेळी नदीकाठच्या मळ्यात भावाबरोबर बांध घालीत होता. ओरडा ऐकून तो धावत आला, आणि आल्या आल्या त्याने पाण्यात उडी घेतली नाही. त्याने प्रथम बंधाऱ्याकडे पाहिले. मग शेजारच्या विहिरीवरच्या मोटेचा नाडा सोडवून आणावयास माणूस पिटाळला. तो येईपर्यंत एक लांब वासा पुढे करून पाहिला, तो पोचला नाही. कासऱ्याला दगड बांधून फेकून पाहिला, तो बुडणाऱ्याच्या डोक्यावरून गेला, पण त्याच्या हातांत पकडण्याचे भान उरलेले नव्हते. नाडा आला तेव्हा नाईकाने तो आपल्या कमरेला छातीच्या बाजूस वर बांधला, काठावरच्या आठ जणांना ओळीने बसवून दुसरे टोक त्यांच्या हाती दिले, मी हात वर केला की ओढा आणि न केला तर शंभर मोजून ओढा असे बजावले, आणि मग तो पाण्यात उतरला. हा सारा तपशील पुढे सहा निरनिराळ्या साक्षीदारांनी मजजवळ एकमेकांशी न बोलता सांगितला, आणि शंभर मोजण्याच्या गोष्टीत तर एकाचाही फरक पडला नाही. कारण त्या आठ जणांपैकी एकालाही शंभरापर्यंत मोजता येत नव्हते, म्हणून एका शाळकरी मुलाला काठावर उभे करून त्याच्याकडून मोठ्याने मोजून घेतले होते.

पहिल्या खेपेस तो पोचला आणि त्याने बुडणाऱ्याचे मनगट धरले. परंतु दोघेही धारेखाली दाबले गेले, आणि ओढून वर घेतले तेव्हा नाईक एकटाच होता. दुसऱ्या खेपेस तो पुन्हा गेला. या वेळी त्याने मागल्या बाजूने त्या तरुणाच्या काखेत हात घातला, दोघे मिळून दोन हात पुढे आले, काठावरच्या लोकांनी जयघोष केला, आणि त्याच क्षणी वरच्या गाळ्यातून सुटलेला एक बरगा धारेबरोबर येऊन नाईकाच्या खांद्यावर बसला. गळपट्टीचे हाड मोडले. तिसऱ्या खेपेस जाऊ नये म्हणून लोकांनी नाडा आवळून धरला असता एका हाताने तो त्यांच्याशी झुंजला, आणि ‘सोडा’ एवढा एकच शब्द ओरडत पाण्यात शिरला. पोराने शंभर मोजले. ओढून काढला तेव्हा तो शुद्धीवर नव्हता, आणि त्याच्या मुठीत त्या तरुणाच्या सदऱ्याची फाटलेली बाही होती. तरुणाचे प्रेत दुसऱ्या दिवशी दोन मैल खाली वाळूच्या दांड्याला लागले.

रजेवर असताना जवान जखमी झाला म्हणजे ती इजा नोकरीशी संबंधित आहे की नाही याची रीतसर चौकशी करावी लागते. त्या चौकशीसाठी आमच्या तुकडीचे एक कॅप्टन आणि जबान्या उतरून घेण्यासाठी मी असे दोघे त्या गावी गेलो. कॅप्टनसाहेब दक्षिणेकडचे, त्यांना मराठीचा गंध नव्हता. म्हणून साक्षीदार मराठीत सांगत, मी इंग्रजीत लिही आणि साहेबांना वाचून दाखवी. तलाठ्याने पंचनाम्याची नक्कल दिली. पंचनाम्यात ‘पाण्यात पडून मयत’ एवढेच होते आणि नाईकाचा उल्लेख ‘हजर इसम’ अशा शब्दांत एका ओळीत होता. तलाठ्याला मी दोष देत नाही, पंचनामा मृताचा असतो.

ज्याच्या विहिरीवरचा नाडा नेला होता त्या म्हाताऱ्याने आम्हांला आपल्या गोठ्यात नेले. अंबाडीचा जाड नाडा खुंटीवर टांगलेला होता, आणि त्याच्या टोकाला नाईकाने मारलेली गाठ तशीच होती. सॅपर लोक तिला बोलाईन म्हणतात. ताण पडला तरी तिचा फास आवळत नाही आणि ताण सुटला की ती सहज सोडविता येते, म्हणून माणसाच्या अंगाला बांधावयाच्या दोराला हीच गाठ मारतात. म्हाताऱ्याने आयुष्यभर मोट हाकली होती, नाड्याच्या आणि सोलाच्या दहा प्रकारच्या गाठी त्याला ठाऊक होत्या, पण ही त्याने पूर्वी पाहिली नव्हती, आणि मोट बंद पडली तरी चालेल पण ही सोडू नये असे त्याच्या मनाने घेतले होते. मी ती गाठ जवळून पाहिली. वळण अंगाबाहेरून आत, मग मुख्य दोराच्या मागून फिरून पुन्हा त्याच वळणात उतरलेले. टोक सहा बोटे मोकळे सोडलेले, शिक्षणात सांगतात तितकेच. आई, शेजारीपाजारी हंबरडा फोडीत आहेत, माणूस डोळ्यांसमोर खालीवर होत आहे, आणि अशा वेळी ज्याची बोटे टोक सहा बोटे मोकळे सोडण्यास विसरत नाहीत, त्याला समोरचा धोका समजलेला नव्हता असे कोण म्हणेल? जबान्यांच्या वहीच्या समासात मी त्या गाठीचे चित्र काढून घेतले. तक्त्यात चित्राला जागा नसते, पण मला ते हवे होते.

मृताच्या आईची जबानी घ्यावी की घेऊ नये याविषयी कॅप्टनसाहेब साशंक होते. तिच्या दुःखात आपण कागद घेऊन जाणे त्यांना बरे वाटेना. ती स्वतःच आली. ओटीच्या कडेला, खांबाला टेकून बसली, आणि मी काही विचारण्यापूर्वीच म्हणाली:

“माझा ल्योक गेला, त्ये खरं. पर काठावर धा-पंधरा गडी हुतं, आन् पान्यात गेला त्यो ह्यो एकलाच. माझ्या पोराच्या हाताला शेवटाला मानसाचा हात लागला बाबा, निस्तं पानी न्हाई लागलं. तेवढं लिवा.”

मी लिहिले. परंतु तिचे वाक्य इंग्रजीत उतरविताना माझा टाक अडखळला. सरकारी जबानीच्या भाषेत ‘मृताच्या मातेचे म्हणणे असे की’ इथून सुरुवात करावी लागते, आणि त्या सुरुवातीनंतर तिच्या बोलण्यातले जे खरे ते कुठेच बसेना. शेवटी तिचे शब्द देवनागरीत जसेच्या तसे लिहून मी खाली भाषांतर जोडले. तिने अंगठा उठविला, आणि शाई पदराला न पुसता बोट तसेच उंच धरून ती निघून गेली.

नाईक तेव्हा लष्करी इस्पितळात होता. खांद्याला प्लॅस्टर, उजवा हात गळ्यात अडकविलेला. त्याची जबानी घेण्यास मी गेलो तेव्हा त्याने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे दिली, पण मी लिहिलेले वाचून दाखवू लागताच तो मधेच थांबवून म्हणाला, “साहेब, ह्ये काय लिवलंय?” मी लिहिले होते, ‘प्रवाहाच्या जोराने बुडणारा इसम ओढला गेला.’ तो म्हणाला, “न्हाई. त्यो माझ्या हातातनं सुटला. सुटला आसं लिवा.” मी त्याला समजाविले की मोडलेल्या हाताने कोणीही काही धरू शकत नाही, की हाड मोडल्याचा डॉक्टरचा दाखला सोबत आहे, की ‘सुटला’ या शब्दाने वाचणाराचा विनाकारण ग्रह होईल. त्याने सारे ऐकून घेतले आणि पुन्हा तेच सांगितले. आणि मी तो शब्द बदलीपर्यंत डाव्या हाताने धरलेला टाक त्याने कागदाला लावला नाही. पदकासाठी शिफारस करावयाची आहे हे कळताच तर त्याने तोंड भिंतीकडे फिरविले. “माणूस गेला माझ्या हातातनं. त्या माउलीनं छातीवरचं पदक बगितलं तर तिला काय वाटंल?” मला तेव्हा उत्तर सुचले नाही, आणि तिने आमच्या वहीत काय लिहवून ठेवले आहे ते त्याला वाचून दाखवावे हेही, माझ्या मूर्खपणाने, त्या दिवशी सुचले नाही.

शांततेच्या काळातील शौर्य मापण्याची आपल्या सरकारची मापे तेव्हा तशी अलीकडचीच होती. १९५२ च्या जानेवारीत अशोकचक्र अस्तित्वात आले, तेही स्वातंत्र्यदिनापासून पूर्वलक्षी. त्याचे तीन वर्ग होते, फीत हिरवी आणि तिच्यावर केशरी उभी रेघ, पहिल्या वर्गास एक, दुसऱ्यास दोन, तिसऱ्यास तीन. पुढे १९६७ साली या तीन वर्गांना अशोकचक्र, कीर्तिचक्र आणि शौर्यचक्र अशी निरनिराळी नावे मिळाली. शत्रूसमोर नसताना दाखविलेले शौर्य ही त्यांची व्याख्या, आणि त्या व्याख्येत यशाची अट नाही. १९६१ च्या सप्टेंबरअखेर जीवनरक्षा पदके सुरू झाली. बुडणाऱ्यास, आगीत किंवा खाणीत सापडलेल्यास वाचविणाऱ्याला ती द्यावयाची, आणि सैनिकाने ते काम नोकरीच्या कर्तव्याबाहेर केले असेल तर त्यालाही. आमचा नाईक रजेवर होता, तेव्हा त्याचे प्रकरण या दुसऱ्या वाटेने पाठवावे असे ठरले. त्या वाटेवर मात्र ‘प्राण वाचविणे’ हे शब्द आडवे उभे होते.

आता माझ्याच हातून घडलेली चूक सांगतो. सातव्या रकान्यात ‘शून्य’ लिहिणे मला त्या दुपारी जमेना. म्हणून मी तो रकाना कोरा ठेवला आणि हकीकतीच्या मजकुरात एक वाक्य घातले, की नाईकाच्या प्रयत्नांमुळे आणखी दोघांचे पाण्यात उतरणे टळले आणि त्या अर्थी त्यांचे प्राण वाचले. हे अगदी खोटे नव्हते, कारण मृताचा एक चुलतभाऊ उडी घेण्याच्या बेतात होता. पण ते खरेही नव्हते, आणि मी ते कशासाठी लिहीत आहे हे मला पुरते ठाऊक होते. कमांडिंग अधिकाऱ्यांनी मसुदा वाचला, त्या वाक्यावर निळ्या पेन्सिलीने आडवी रेघ मारली, आणि समोर बसवून मला म्हणाले की या माणसाने स्वतःच्या जबानीत ‘सुटला’ हा शब्द लिहवून घेतला आहे, त्याच्या प्रकरणात आपण खोटेपणाची भर घालावयाची काय? मी मान खाली घातली. कचेरीत परत येऊन सातव्या रकान्यात ‘शून्य’ लिहिले, आणि हकीकत पुन्हा लिहून काढली. त्यात वासा, कासरा, नाडा, गाठ, आठ माणसे, शंभर आकडे, तीन खेपा आणि आईची जबानी एवढेच ठेवले, विशेषण एकही ठेवले नाही.

त्या लेखनाच्या वेळी मला सारखा एक जुना प्रसंग आठवत होता. इंग्रजी अमदानीच्या अखेरच्या काळात, मी नवा असताना, आमच्या कचेरीत एक इंग्रज कॅप्टन होते. दरबाराच्या दिवशी त्यांच्या छातीवर डाव्या बाजूस नेहमीची पदके असत आणि उजव्या बाजूस एकटेच एक ब्राँझचे पदक असे. मी धीर करून कारण विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की लंडनच्या रॉयल ह्यूमेन सोसायटीचे हे पदक. १७७४ साली, बुडालेल्या माणसांना पुन्हा सजीव करण्याच्या खटपटीतून ती संस्था निघाली, आणि तिचे पदक राजाचे नसून संस्थेचे असल्यामुळे ते उजव्या बाजूस लावतात. ते काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवले. दर्शनी बाजूस एक उघडे बालक विझलेली मशाल फुंकीत होते. ठिणगी कदाचित आत दडली असेल, अशा अर्थाची लॅटिन अक्षरे भोवती होती. मग पदक उलटे करून ते म्हणाले, या पदकाला दोन प्रकारच्या पाठी असतात; ज्याने वाचविले त्याची एक, आणि ज्याला वाचविता आले नाही पण ज्याने आपला जीव पणाला लावला त्याची दुसरी. त्यांचे पदक दुसऱ्या पाठीचे होते. कोण बुडाले, कुठे, हे त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. त्या परक्या माणसाच्या राज्याविषयी माझ्या मनात काय होते ते होतेच, पण ज्या लोकांनी अयशस्वी प्रयत्नासाठी वेगळा साचा पाडून ठेवला त्यांनी एक गोष्ट नीट विचार करून केली, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते.

आणि पानशेत तर आम्हां पुणेकरांच्या डोळ्यांदेखतचे. १९६१ च्या जुलैत, ११ तारखेच्या रात्री, अपुऱ्या पानशेत धरणाचा बांध खचू लागला तेव्हा लष्कराचे जवान पावसात आणि काळोखात वाळूची पोती रचीत राहिले. ज्या बांधावर उभे राहून ते पोती रचीत होते तोच बांध जाणार होता, आणि हे त्यांना कळत नव्हते असे नाही. १२ तारखेस सकाळी तो फुटलाच. मग खडकवासलाही गेले, आणि मुठेचे पाणी लकडी पुलावरून वाहिले. तक्त्याच्या हिशेबाने त्या रात्रीची कामगिरीही अयशस्वीच. पण धरण रात्री न फुटता सकाळी फुटले, आणि झोपेतल्या शहरावर न येता जाग्या शहरावर पाणी आले; एवढ्या फरकाने किती माणसे जगली याचा आकडा कोणत्याही रकान्यात भरता यावयाचा नाही. पूर ओसरल्यावर नदीकाठच्या पेठांत मी घोटाभर चिखलातून चाललो आहे. माझ्या बहिणीचे बिऱ्हाड त्यात गेले, पण ती आणि तिची मुले पाणी येण्यापूर्वी टेकडीकडे पळाली होती. म्हणून पोती रचणारे ते हात कोणाचे होते हे मला ठाऊक नसले तरी त्यांचे ऋण मजवर आहे.

नाईकाचे प्रकरण वर गेले आणि चार महिन्यांनी ‘प्राण वाचल्याचे दिसत नाही, खुलासा व्हावा’ अशा शेऱ्यासह परत आले. कमांडिंग अधिकाऱ्यांनी खुलासा पाठविला. ते पुन्हा परत आले. या वेळी सदर इसमाने आवेगाच्या भरात धोक्याचा विचार न करता कृती केल्याचे दिसते, असे मत होते. मी समासातले ते चित्र मोठे करून काढले, गाठीचे नाव आणि तिचा उपयोग लिहिला, म्हाताऱ्या मोटकऱ्याच्या आणि त्या शाळकरी पोराच्या जबान्यांच्या नकला जोडल्या, आणि तिसऱ्यांदा कागद रवाना केले. चौदा महिन्यांनी प्रकरण दप्तरदाखल करण्याचा हुकूम आला. पदक मिळाले नाही.

कमांडिंग अधिकाऱ्यांनी आपल्या अधिकारात लेखी शाबासकी दिली आणि ती दरबारात सर्व हुद्द्यांसमोर वाचून दाखविण्याचे ठरविले. मजकूर लिहिण्याचे काम मजकडे आले, आणि त्या वेळी मी मृताच्या आईच्या जबानीतले वाक्य, अंगठ्याच्या खुणेसह नोंदलेले, जसेच्या तसे त्यात घातले. ते वाचले जात असताना मी रांगेच्या कडेला उभा होतो. नाईक सावधान उभा होता; ‘माणसाचा हात लागला’ या शब्दांवर त्याचा खालचा ओठ एकदा हलला, आणि मग त्याची नजर पुन्हा समोर स्थिर झाली. दरबार बरखास्त झाल्यावर तो माझ्या मेजापाशी आला, बराच वेळ उभा राहिला, आणि त्याने एवढेच विचारले, “त्या खरंच आसं बोलल्या?” मी दप्तरातून मूळ वही काढून त्याच्यापुढे ठेवली. त्याने अक्षरे वाचली, आणि अंगठ्याच्या त्या निळ्या ठशावर आपले बोट, शाई ओली असावी तसे, अलगद ठेवले.

पुढच्या वर्षी रजेचे अर्ज आले. मे-जूनची रजा आमच्याकडे फार मागणीची; लग्ने, पेरणी, मुलांच्या शाळा, घराची शाकारणी, अशी कारणे अर्जदारांनी लिहिलेली असत आणि त्यांतून निवड करताना माझी पंचाईत होत असे. नाईकाच्या अर्जात कारणाच्या रकान्यात लिहिले होते, ‘बंधाऱ्याचे बरगे काढणे आहे.’ मी तो अर्ज गठ्ठ्याच्या वर ठेवला. त्यानंतर तो ज्या ज्या वर्षी आमच्या कचेरीच्या हाताखाली होता त्या प्रत्येक वर्षी, नाईकाचा हवालदार झाल्यावरही, कारणाच्या रकान्यात अक्षर न् अक्षर तेच असे, आणि दर वर्षी मी तो वर ठेवीत असे. गावाकडून कळे ते असे की बरगे काढण्याच्या दिवशी तो खांबांवर उतरत नाही, काठावर नाडा घेऊन उभा राहतो, प्रत्येकाच्या कमरेची गाठ स्वतः तपासतो, आणि त्याच्या गावातली पोरे आता शंभरापर्यंत मोजतात.

पेन्शनीवर जाण्याआधीचा त्याचा शेवटचा अर्ज त्याने स्वतः आणून दिला. मी वाचला, शेरा मारण्यासाठी टाक उचलला, आणि तो दारापर्यंत जाऊन परत वळला.

“साहेब, औंदा नाडा नवा घ्यायचा हाय. जुना झिजलाय.”

“आणि ती गाठ?”

“म्हातारबा गेलं, तवा त्यांच्या लेकानं सोडली. म्या पुन्यांदा मारून दावली त्याला.”

मी अर्जावर ‘मंजुरीसाठी सादर’ लिहिले आणि तारीख घातली.